लढाई चालू असताना अद्भुतकथा लिहावी का?

भाची कथाकार आहे. भुताखेतांच्या, जादूच्या, कधीच न घडणाऱ्या गोष्टी ती लिहिते आणि त्या दिवाळी अंकांत छापून येतात. मामाची सगळी नोकरी एका मराठी दैनिकात परदेशी बातम्यांच्या टेबलावर गेली. इराण-इराक युद्धापासून बगदादच्या पाडावानंतरच्या यादवीपर्यंतची पानं त्याने लावली.

भाचीची यंदाची कथा युक्रेनमधल्या खारकीव्ह शहरात घडते. 2022 च्या फेब्रुवारीत रशियाचा हल्ला सुरू झाला तेव्हा तिथल्या लोकांनी मेट्रोच्या स्टेशनांत मुक्काम ठोकला. वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेली आपल्याकडची मुलंही तिथल्या तळघरांत आणि स्टेशनांत अडकली होती. कथेची नायिका अशीच एक साताऱ्याची मुलगी. मध्यरात्रीनंतर त्या स्टेशनात एक गाडी लागते. तिच्या तिकिटावर स्टेशनाचं नाव नसतं, जमीनदोस्त झालेल्या एखाद्या घराचा पत्ता असतो. गाडीत बसलेला माणूस हल्ल्याच्या आदल्या संध्याकाळी त्या घरी पोचतो. शेवटच्या पानावर शहराच्या दिशेने येणाऱ्या क्षेपणास्त्रांचे करकोचे होतात, ते घरांच्या छपरांवर उतरतात आणि सगळे वाचतात.

मामाने हस्तलिखित वाचलं आणि वाद सुरू झाला. तो त्या एका कथेपुरता राहिला नाही, म्हणून इथे देत आहे.

मामा : कथा वाचली. गाडीची कल्पना झकास आहे. पण छापायला देऊ नकोस.

भाची : झकास आहे तर का देऊ नको?

मामा : झकास आहे म्हणूनच. फालतू कथेनं कुणाचं काही बिघडत नाही. तिथली लढाई संपलेली नाही. कोण मेलं, किती वाजता मेलं, क्षेपणास्त्र कुठून सुटलं, हुकूम कुणी दिला, याच्या नोंदी अजून चालू आहेत. त्याच शहरात, त्याच स्टेशनात तू एक न घडलेली गोष्ट नेऊन ठेवतेस. लढाई संपू दे, मग हवं ते लिही.

भाची : अरे, पण वाचकाला कळतं ना, मेलेल्या घरांना जाणारी गाडी नसते म्हणून. वर ठळक अक्षरात ‘कथा’ असं छापलेलं असतं.

मामा : वाचकाला कळतं, हा भरवसा शांततेच्या दिवसांतला. लढाईच्या दिवसांत काय होतं ते ऐक. 23 ऑगस्ट 1914 ला बेल्जियममधल्या मॉन्सला ब्रिटिश फौज जर्मनांसमोर उभी राहिली आणि मग तिला माघार घ्यावी लागली. लंडनला आर्थर मॅकन नावाचा लेखक होता, भयकथा लिहायचा आणि पोटासाठी ‘इव्हनिंग न्यूज’मध्ये नोकरी करायचा. माघारीच्या बातम्या वाचून त्यानं ‘द बोमेन’ नावाची छोटी कथा लिहिली. 29 सप्टेंबरला ती त्याच्याच पेपरात आली. खंदकातल्या एका शिपायाला लंडनमधल्या खानावळीच्या बशीवरचं संत जॉर्जचं चित्र आठवतं आणि त्याखालचं लॅटिन वाक्य. तो ते पुटपुटतो. त्याबरोबर पाचशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये अजिंकूरला लढलेले इंग्रज धनुर्धारी चमकत्या आकृत्यांच्या रूपात रांगेनं उभे राहतात. जर्मन हजारोंनी पडतात आणि अंगावर जखम एक नाही. जर्मन सेनापती म्हणतात, इंग्रजांनी विषारी वायू सोडला असणार.

भाची : हे शेवटचं मस्त आहे.

मामा : पुढचं ऐक, ते मस्त नाही. गूढविद्येची मासिकं मॅकनला विचारायला लागली, ही माहिती मिळाली कुठून? चर्चची पत्रकं छापणारे पाद्री परवानगी मागायला लागले. एका पाद्र्यानं तर सांगितलं, पुस्तिका काढतो, प्रस्तावनेत साक्षीदारांची नावं द्या. मॅकननं कळवलं, सगळं माझ्या डोक्यातलं आहे. उत्तर आलं की तुमचाच काहीतरी गैरसमज होतोय, मूळ घटना खरी असणार, तुम्ही फक्त ती रंगवली असेल. 1915 च्या उन्हाळ्यापर्यंत धनुर्धाऱ्यांचे देवदूत झाले. ते आपण पाहिले असं सांगणारे निघाले, त्यांचं ऐकलं असं सांगणारे तर गावोगाव. मॅकननं कथासंग्रह काढला, लांबलचक प्रस्तावना लिहून पुन्हा सांगितलं की हे खोटं आहे. कुणी ऐकलं नाही. आपलीच कथा परत मागायला गेला आणि ती त्याला परत मिळाली नाही.

भाची : यात चूक कथेची की पेपराची? बातम्यांच्या पानांत, कथा आहे असं न सांगता छापली. तू पान लावायचास, तुला हे माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

मामा : मान्य. पेपराची चूक आहेच. पण नुसती तेवढीच म्हणू नकोस.

भाची : तेवढीच म्हणत नाही. लोकांना चमत्कार हवा असला की ते लेखकाची वाट बघत नाहीत, एवढंच म्हणते. 2022 च्या फेब्रुवारीत ‘कीव्हचं भूत’ आलं, आठवतं? एकटा वैमानिक, पहिल्याच दिवशी रशियाची सहा विमानं पाडली म्हणे. जो व्हिडिओ जगभर फिरला तो विमानांच्या एका संगणकीय खेळातला होता. एप्रिल संपता संपता युक्रेनच्या हवाई दलानंच सांगून टाकलं की असा कुणी एक माणूस नाही, ही लोकांनी रचलेली वीरकथा आहे. हे काही कुणा कथाकारानं लिहून छापलं नव्हतं. कथाकार गप्प बसला म्हणून अफवा थांबत नाहीत. उलट, कथा ही उघडपणे कथा असते, तिच्यावर तिच्या लेखकाचं नाव असतं.

मामा : म्हणजे त्या दिवसांत लोक काहीही खरं मानायला तयार असतात, हे तुलाही कबूल. मग त्यात आणखी भर कशाला? बरं, मॅकन सोड. व्हिक्टोरिया आमेलिना वाचलीस?

भाची : वाचली. मला वाटलंच तू तिथं येणार.

मामा : येणारच. ती युक्रेनची कादंबरीकार. पूर्ण ताकदीचा हल्ला सुरू झाल्यावर तिनं कादंबरी बाजूला ठेवली आणि युद्धगुन्ह्यांच्या नोंदी करायचं प्रशिक्षण घेतलं. गावोगाव जाऊन साक्षी घेतल्या. इझ्यूमजवळच्या एका खेड्यात वोलोदिमिर वाकुलेंको हा मुलांसाठी लिहिणारा लेखक राहायचा. रशियन सैनिकांनी मार्च 2022 मध्ये त्याला नेलं, नंतर त्याचं प्रेतच मिळालं. नेण्याआधी त्यानं आपली डायरी बागेतल्या चेरीच्या झाडाखाली पुरून ठेवली होती. गाव परत मिळाल्यावर सप्टेंबरात आमेलिनानं त्याच्या वडिलांबरोबर जमीन उकरून ती बाहेर काढली. नऊ महिन्यांनी, 27 जून 2023 ला, क्रामातोर्स्कच्या एका रेस्तराँवर क्षेपणास्त्र पडलं. ती तिथं जेवत होती. 1 जुलैला गेली. वय 37. आता सांग, ज्या देशातले कथाकार कथा सोडून जमीन उकरतायत, त्या देशावर पुण्यात बसून तू करकोचे उडवणार?

भाची : हे तू मला गप्प करायला सांगितलंस आणि मी थोडा वेळ गप्प झालेही. पण मला एक सांग. वाकुलेंकोनं डायरी लिहिली, ती हाती लागली कारण गाव परत मिळालं. आमेलिनाची साक्ष कामाची, कारण ती घेऊन जायला एक सरकार होतं, वकील होते, हेगचं न्यायालय होतं. जिथं यातलं काहीच नसतं तिथं लेखकानं काय करायचं? 2006 च्या बगदादमध्ये साक्ष कुणापुढे द्यायची? रोज सकाळी रस्त्यावर प्रेतं, आणि मारणारे पोलिसांच्या वेषात की पोलीसच मारणारे, तेही नक्की नाही.

मामा : तरी नोंद ठेवायची. आज नाही तर उद्या कामाला येते.

भाची : नोंदीलाही कुणीतरी साचा ठरवून दिलेला असतो. हसन ब्लासिमची एक कथा आहे. ब्लासिम बगदादचा, 1973 चा जन्म, सिनेमावाला. सद्दामच्या काळात पळाला, सीमा ओलांडत ओलांडत 2004 मध्ये फिनलंडला पोचला. अरबीत लिहितो. ही कथा स्वीडनमध्ये आश्रय मागणाऱ्या एका इराकी माणसाची. निवेदक सुरुवातीलाच सांगतो की निर्वासितांच्या छावणीत प्रत्येकाच्या दोन गोष्टी असतात : एक खरी, एक दप्तरी लिहून देण्याची. हा माणूस बगदादमध्ये रुग्णवाहिका चालवायचा. त्याला पळवतात. पळवणारे त्याला कॅमेऱ्यापुढे बसवतात आणि गुन्हा कबूल करायला लावतात. मग दुसऱ्या टोळीला विकतात. तीही कॅमेरा लावते. एका व्हिडिओत तो सैन्यातला अधिकारी, दुसऱ्यात अमुक पंथाचा मारेकरी, तिसऱ्यात तमुक देशाचा हस्तक. प्रत्येक व्हिडिओ वाहिन्यांवर दाखवला जातो. मामा, त्यातला एखादा तुझ्याही टेबलावर आला असेल.

मामा : आला असेल. छापलाही असेल. ‘अपहृताची कबुली’ म्हणून एक कॉलम.

भाची : बस, तेच. नोंद होती, चित्र होतं, आवाज होता, आणि सगळं खोटं होतं. शेवटी त्या माणसाला आश्रयसुद्धा नको असतो, झोप हवी असते. तो मनोरुग्णालयात जातो. या कथेत जिन नाही, भूत नाही. नुसतं घडतं तेच एवढ्या वेळा घडतं की ते अद्भुत होऊन बसतं. युद्धगुन्ह्याच्या अहवालात हे कुठल्या रकान्यात भरणार? अहवाल विचारतो, कुणी पळवलं? कथा सांगते की याला पळवणारे कोण हे खुद्द त्यालाच माहीत नाही आणि तोच त्याचा छळ आहे.

मामा : ही कथा चांगली आहे, वादच नाही. पण तूच म्हणालीस, यात भूत नाही. मग तुझ्या बाजूनं ती कशी मोजायची?

भाची : भूत असलेलीही आहे. त्याचीच. गोळीबारातून पळणारा एक माणूस खड्ड्यात पडतो. खड्ड्यात एक म्हातारा बसलेला, तो म्हणतो मी जिन आहे, अब्बासी खलिफांच्या काळात पडलो इथं. बाजूला एका रशियन सैनिकाचं प्रेत, फिनलंड आणि रशियाच्या लढाईतलं. वर कुठलीही लढाई असो, खाली खड्डा एकच. पुढं त्या खड्ड्यात कोण पडणार, एवढाच प्रश्न उरतो. आता हे वास्तववादी कथेत कसं सांगणार? इराकमधल्या माणसानं 1980 पासून इराणशी युद्ध पाहिलं, मग कुवेत, मग निर्बंध, मग 2003 चं अमेरिकेचं आक्रमण, मग आपसातली कत्तल. तुमच्या पानावर ती पाच वेगवेगळी प्रकरणं होती. त्या माणसाच्या जन्मात ते एकच आहे. ही कथा ज्या संग्रहात आहे त्याच्या इंग्रजी भाषांतराला 2014 मध्ये ब्रिटनचा परदेशी कथा-कादंबऱ्यांसाठीचा मोठा पुरस्कार मिळाला. तो मिळालेलं ते पहिलंच अरबी पुस्तक.

मामा : पुरस्कार सांगू नकोस, पुरस्कारांच्या बातम्या मी फार लावल्यात. खड्डा मात्र पटला.

भाची : मग अहमद सादावी घे. कादंबरी आहे, पण मुद्दा तोच. ‘फ्रँकेनस्टाइन इन बगदाद’. साल 2005. बताविन भागातला हादी नावाचा भंगारवाला स्फोटांनंतर रस्त्यावर पडलेले माणसांचे अवयव गोळा करतो आणि ते शिवून एक पूर्ण देह तयार करतो. कशासाठी? तुकड्यांना कचरा समजून कुणी फेकू नये, देह म्हणून त्यांना रीतसर दफन मिळावं म्हणून. एका हॉटेलच्या पहारेकऱ्याचा आत्मा, ज्याचं शरीर स्फोटात उरलंच नाही, त्या देहात शिरतो. देह चालू लागतो. ज्या ज्या माणसाचा तुकडा त्याच्यात आहे त्या प्रत्येकाच्या मारेकऱ्याला तो मारत सुटतो.

मामा : म्हणजे सूडकथा.

भाची : थांब ना. एकाचा सूड पुरा झाला की त्याचा तुकडा गळून पडतो. मग नवा तुकडा लागतो. निरपराध माणसांचे तुकडे पुरत नाहीत, म्हणून गुन्हेगारांचे लावले जातात. होता होता अर्धं शरीर मारणाऱ्यांचं, अर्धं मेलेल्यांचं. मारायचं कुणाला, हे त्यालाच कळेनासं होतं. आता सांग, यादवी म्हणजे काय हे याहून नेमकं कुठल्या अग्रलेखात आलं होतं?

मामा : आलं नव्हतं. पण तारखा बघ. गोष्ट 2005 ची, पुस्तक 2013 चं. आठ वर्षं थांबला तो. माझंही म्हणणं तेच आहे, थांबावं.

भाची : थांबला, पण लढाई कुठं थांबली होती? 2014 च्या एप्रिलमध्ये त्या कादंबरीला अरबी साहित्याचा मोठा पुरस्कार मिळाला आणि जूनमध्ये मोसुल इस्लामिक स्टेटच्या हातात गेलं. तो ‘संपल्यावर लिहू’ म्हणाला असता तर अजून वाट बघत बसला असता.

मामा : बरं. मग आपल्या घरातलं उदाहरण घेऊ, महाभारताचं. आणि संजयाचं नाव काढू नकोस. आद्य वार्ताहर म्हणून त्याचा सत्कार मी प्रत्येक पत्रकार संघाच्या भाषणात ऐकलाय. आश्रमवासिक पर्व घे. धृतराष्ट्र, गांधारी, कुंती वनात गेलेत. युद्धाला पंधराहून जास्त वर्षं झालीत. शोक कुणाचाच सरलेला नाही. व्यास येतात, आणि गंगेच्या पाण्यातून दोन्ही बाजूंचे मेलेले वीर वर येतात. कर्ण, अभिमन्यू, दुर्योधन, सगळे. कुणाच्या मनात वैर नाही. रात्रभर आया मुलांना भेटतात, बायका नवऱ्यांना. एवढं मोठं अद्भुत व्यासांनी युद्धपर्वांत आणलं नाही. लोकांची राख थंड होऊ दिली आणि मग आणलं.

भाची : पण सकाळी काय होतं?

मामा : सकाळी परत पाण्यात जातात.

भाची : आणि कोण कोण त्यांच्या मागोमाग जातं?

मामा : ज्यांना जायचं असेल त्या विधवांना व्यास सांगतात, उतरा पाण्यात. उतरतात त्या.

भाची : मग तुझ्याच उदाहरणात वर्षांपेक्षा मोठी गोष्ट आहे, मामा. व्यासांनी मेलेली माणसं एका रात्रीपुरती आणली. त्यांना जिवंत केलं नाही. हस्तिनापूर पुन्हा भरलं नाही. भेट झाली आणि वियोग दुसऱ्यांदा झाला. मॅकनच्या धनुर्धाऱ्यांनी काय केलं? माघार पुसून टाकली. शत्रू मेला तोही जखमेशिवाय, म्हणजे आपल्या माणसाच्या हाताला रक्तसुद्धा लागलं नाही. सादावीच्या देहानं काय केलं? प्रत्येक खुनामागे आणखी एक खून मांडून ठेवला. चमत्कारानं हिशेब मिटतो की वाढतो, हे बघायला हवं. मिटवणारा चमत्कार लोक लगेच खरा मानतात, कारण तो त्यांना हवाच असतो. बगदादमध्ये शिवलेला देह फिरतोय असं सादावी वाचून कुणी पाद्री पुस्तिका काढायला आला नाही.

मामा : आता मी बोलू? मग तुझे करकोचे कुठल्या बाजूला गेले?

भाची : मॅकनच्या.

मामा : हे तूच म्हणालीस.

भाची : मीच म्हणते. करकोचा हा युक्रेनमध्ये घराला बरकत आणणारा पक्षी, म्हणून तो सुचला. पण त्या क्षेपणास्त्रांनी खरंच घरं पडली, माणसं मेली. त्यांना पक्षी करणं म्हणजे डागणाऱ्याचा गुन्हा पुसणं. ते पान जाईल. गाडी मात्र राहणार. गाडी आदल्या संध्याकाळी नेते आणि उजाडायच्या आत परत आणते. साताऱ्याची मुलगी तिच्या घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात बसते, सूप पिते, आणि उद्या काय होणार हे सांगू शकत नाही. परत येते तेव्हा घर पडलेलंच असतं.

मामा : आता कथा जास्त जड झाली.

भाची : लढाईवरची आहे.

मामा : ठीक. पण माझी दुसरी हरकत अजून उभी आहे. ब्लासिम बगदादचा. सादावी बगदादचा. व्यास तर त्या घरातलेच. तू कोण? सैनिकांच्या स्वतःच्या अद्भुतकथा असतात, त्यांना मी हात लावत नाही. नथुला खिंडीजवळ बाबा हरभजन सिंगांचं मंदिर आहे. 1968 मध्ये ड्यूटीवर असताना गेलेला जवान. आजही तो सीमेवर गस्त घालतो, असं तिथले जवान मानतात. त्याची खोली झाडतात, बिछाना घालतात, बुटांना पॉलिश करतात. तेरा-चौदा हजार फुटांवर, थंडीत, रात्री पहाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला ती सोबत लागते. ती त्यांची कमाई आहे. लांब बसून आपण तशी गोष्ट रचली की ती उसनवारी होते.

भाची : तिथं गेलेल्यांनीच लिहायचं, असं ठरवलं तर आपल्याच लोकांचं काय? पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचं नाव पूना डिव्हिजन. मराठा पलटणी होत्या तिच्यात. डिसेंबर 1915 पासून कुट गावात वेढा पडला, घोडे आणि खेचरं मारून खायची वेळ आली, 29 एप्रिल 1916 ला शरणागती. पुढं कैद, वाळवंटातली पायपीट. आज ब्लासिम ज्याला इराक म्हणतो तीच ती जमीन. त्या शिपायांपैकी कितीजणांना लिहिता येत होतं? त्यांची गोष्ट सांगायची तर कुणा न गेलेल्यानंच सांगायला हवी. त्या खड्ड्यात रशियन सैनिकाच्या शेजारी एखादा साताऱ्याचा शिपाई असायला काय हरकत आहे?

मामा : ती शंभर वर्षांपूर्वीची लढाई झाली. तिथली माणसं तुझ्या कथेनं दुखावणार नाहीत. खारकीव्हमधली दुखावतील.

भाची : म्हणून मी माझ्या कथेत तिथल्या माणसाच्या डोक्यात शिरत नाही. नायिका इथली आहे, तिला जे दिसतं तेवढंच लिहिलंय. त्या मुली आपल्याच गावांतल्या होत्या ना? तळघरातून व्हिडिओ कॉल करत होत्या, ते आपणच बघत होतो.

मामा : हे पटतं. तेवढा धागा खरा आहे. पण तेवढाच. त्यापलीकडचं त्या लोकांकडून ऐकावं. तूच म्हणतेस, आहेत ना त्यांचे लेखक?

भाची : आहेत. आणि ते आपल्याला सुचणार नाही असं लिहितात. ब्लासिमनं 2016 मध्ये एक संग्रह काढला, ‘इराक + 100’. दहा इराकी लेखकांना सांगितलं, 2003 च्या आक्रमणानंतर शंभर वर्षांनी, म्हणजे 2103 मध्ये तुमचं शहर कसं असेल ते लिहा. त्याच प्रकाशनानं 2019 मध्ये ‘पॅलेस्टाइन + 100’ काढलं : 1948 च्या विस्थापनाला शंभर वर्षं झाल्यावर, 2048 मध्ये काय असेल. तू म्हणतोस लढाई संपू दे मग लिहा. हे लोक म्हणतात, संपेपर्यंत थांबायला वेळ नाही, आम्ही संपल्यानंतरच्या काळात जाऊन बसतो आणि तिथून मागं बघतो.

मामा : शंभर वर्षांनंतर तरी बरं चाललेलं असतं का?

भाची : फारसं नाही. पॅलेस्टाइनच्या संग्रहातल्या एका कथेत गाझाचा समुद्र स्वच्छ आहे, मुलं पोहतायत, आणि हळूहळू एका मुलीला शंका येते की हे जग खरं नाही, लोकांना गप्प ठेवण्यासाठी कुणीतरी रचलेलं आहे. म्हणजे त्या कथेतला खलनायक कोण? सुखी, खोटी अद्भुतकथा. तुझा मॅकनवरचा आक्षेप त्यांनी अद्भुतकथेतूनच घेतलाय.

मामा : तर मग माझा आक्षेप मी असा मांडतो. चालू लढाईवर अद्भुत लिहायला ना नाही. पण तीन गोष्टी पाळा. पहिली, ती कथा आहे हे पहिल्या ओळीच्या वर छापा. ‘सत्य घटनेवर आधारित’ हे शब्द जवळपाससुद्धा नकोत. दुसरी, खऱ्या मेलेल्या माणसाचं नाव, चेहरा, पत्ता घेऊ नका. त्यांची साक्ष कुठंतरी चालू असेल, तिच्यात तुमचं भूत मिसळायला नको. तिसरी, चमत्कारानं कुणाला वाचवू नका.

भाची : पहिल्या दोन कबूल. तिसरी नाही. वाचवावं लागेल तर वाचवू, फक्त त्याची किंमत कथेत कुणीतरी भरलेली दिसली पाहिजे. मुलांसाठी लिहिणाऱ्यांना तुझा नियम लावलास तर वाकुलेंकोसारख्यांची लेखणीच बंद होईल. तळघरात बसलेल्या मुलाला गोष्ट सांगणारी आई राक्षसाला जिंकू देत नाही.

मामा : आई तळघरात सांगते, ती छापायला देत नाही.

भाची : छापली तरी चालेल. त्या मुलाला ठाऊक असतं की वर अजून स्फोट होतायत.

इथे दोघांचं जुळलं नाही, आणि जुळवून घेण्याचं कारणही नाही. मामाचा तिसरा नियम कडक आहे. पण मॅकनची कथा ज्यांनी देवदूत म्हणून छातीशी धरली त्यांच्यातल्या अनेकांची मुलं आघाडीवर होती, हे विसरून तो मोडीत काढता येत नाही. भाचीचं उत्तरही खोडता येत नाही : बगदादच्या रस्त्यावर कुणाचं काय पडलं आहे याची नीट नोंद ठेवणारं कुणी नव्हतं, तेव्हा एका कादंबरीतल्या भंगारवाल्याने ते तुकडे गोळा केले. साक्ष आणि अद्भुत दोन्ही लागतात. एकाने दुसऱ्याचा वेष घेतला की मात्र दोन्ही वाया जातात.

कथा करकोच्यांशिवाय छापायला गेली आहे, गाडीसह. सोबत मामाच्या आग्रहावरून भाचीने संपादकांना एक विनंती कळवली, ती इतर दिवाळी अंकांनीही मनावर घ्यावी अशी आहे. दुसऱ्यांच्या चालू युद्धावरची आपली एक कथा छापाल, तर त्याच अंकात त्या देशातल्या लेखकाची एक कथा मराठीत आणून छापा, तिच्या भाषांतरकाराला मानधन द्या, आणि पानांच्या क्रमात ती आधी लावा.